कुंभकोणम् : पाण्याच्या वाटेवरचे नगर

गुरू सिंह राशीत आला की महाराष्ट्रातील भाविकांची पावले नाशिक-त्र्यंबकेश्वराकडे वळतात. त्याच सिंहस्थात, माघी पौर्णिमेच्या सुमारास, तमिळनाडूतील कुंभकोणम् येथे महामहम् पर्वणी भरते. प्रलयजलात वाहत आलेला ब्रह्मदेवाचा कुंभ येथे टेकला, किरातरूपी शिवाने बाणाने तो फोडला आणि अमृत सांडले, अशी स्थळकथा आहे. नगराचे नावच अशा रीतीने महापुराच्या आठवणीशी जोडलेले आहे.

नगराच्या उत्तरेस कावेरी, दक्षिणेस अरसलार. मधली भूमी सपाट व चिकण गाळाची. आपल्याकडील पावसाळा सरू लागतो तेव्हा येथील खरा पावसाळा उंबरठ्यावर येतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हे त्याचे महिने. दुपार कलता कलता पूर्वेकडे मेघ दाटतात, विजा कडाडतात आणि तासा-दोन तासांत गल्ल्यांचे ओढे होतात.

घाटातील लोंढा रस्ता वाहून नेतो, हे आपण पाहतो. येथील पाण्याची तऱ्हा निराळी. उतार नसल्याने ते साचते आणि डांबराच्या बारीक भेगांतून खाली मुरते. खडीखालची माती भिजून मऊ पडते. वरून बस वा मालमोटार गेली की चिखल वर ढकलला जातो, खडी सुटते आणि खड्डा पडतो. वरवर पाहता रस्ता वाहनांनी मोडला असे वाटते. प्रत्यक्षात तो वाट न मिळालेल्या पाण्याने आधीच पोखरलेला असतो.

यावर जुन्या थरावर नवा थर चढविण्याची रीत सर्वत्र रूढ झाली. तिच्यामुळे रस्ता उंच होतो, घरांचे उंबरठे खाली जातात आणि पुढच्या पावसात पाणी ओसरीवर येते. नव्या थरापूर्वी जुना थर खरवडून काढावा, असा आदेश तमिळनाडू शासनाने २०२१ साली दिला, तो याच कारणाने. भोवतालची जमीन उंचावली की काय होते, ते जवळच्या दारासुरम् येथे दिसते. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलेल्या ऐरावतेश्वर मंदिराचा पुढील भाग आज खोलगट आहे. पावसाळ्यात तेथे पाणी साचते.

पूर्वजांनी या सपाट भूमीवर पाण्याला जागा राखून ठेवली होती. देवळादेवळांजवळ तळी आणि तळ्यांना नद्यांशी जोडणारे कालवे, अशी ती योजना. महामहम् तळ्याच्या काठचे सोळा मंडप नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षित यांनी उभारले. पुढे तंजावरच्या भोसल्यांच्या अमदानीतही येथील जीवन या जलाशयांभोवतीच फिरत राहिले. कालांतराने काही तळी बुजली, काही कालव्यांवर बांधकामे झाली; या अतिक्रमणांचा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेला.

मागील महामहम् पर्वणी २०१६ साली झाली. पुढील २०२८ साली येईल. त्या वेळी असंख्य यात्रेकरू ज्या वाटांनी तळ्याकडे जातील, त्या वाटांची स्थिती आदल्या पावसाळ्यात पाणी कोठून निघून गेले, यावर ठरेल. मोरी मोकळी ठेवणे, कालव्यात केरकचरा न टाकणे, दारापुढचे गटार फरशी घालून न बुजविणे ही कामे लहान खरी; परंतु ती प्रत्येक कुटुंबाच्या हातची आहेत. आपल्या गावीही तीच उपयोगी पडतील. पाण्याची वाट मोकळी राहिली, तरच माणसाची वाट टिकेल.