फ्रीजची नाडीपरीक्षा

यंत्र बिघडलें कीं माणसाच्या मनांत दोन विकार एकदम उठतात. पहिला संताप, दुसरा, ‘आपणच उघडून पाहावें’ हा मोह. पहिला निरुपद्रवी आहे, कारण यंत्रांना कान नसतात. दुसऱ्यापायीं मात्र कित्येक संसारांतलीं घड्याळें, शिवणयंत्रें आणि पंखे अकालीं दिवंगत झाले आहेत. आम्ही या मोहाला जन्मभर बळी पडत आलों आहों. आणि आमच्या हातून बरीं झालेलीं यंत्रें व कामास आलेलीं यंत्रें यांचा हिशेब मांडला, तर दुसरी रक्कमच मोठी निघेल, हें आम्ही आधींच कबूल करून टाकतों. तथापि गेल्या वैशाखांत आम्हीं घरचा फ्रीज दुरुस्त केला, आणि त्या प्रसंगानें जें कांहीं शिकविलें तें वाचकांच्या कानावर घातल्यावांचून आम्हांला राहवत नाहीं.

शीतकपाट हा शब्द कोशांत शोभून दिसतो. परंतु ‘शीतकपाटांतलें दूध काढ’ असें घरांत म्हणणारा मनुष्य अद्याप आमच्या पाहण्यांत आलेला नाहीं. फ्रीज हा शब्द आतां आमच्या स्वयंपाकघरांत पाट मांडून बसला आहे. त्याला उठविण्याचें पाप आम्ही करणार नाहीं.

तर त्या दिवशीं सकाळीं दूध नासलें. लोणी पातळ होऊन वाटीच्या कडेला लागलें होतें. फ्रीजचें दार उघडलें तर दिवा लागत होता, आंतून घरघर चालली होती, आणि वरच्या फ्रीझरमध्यें बर्फ दगडासारखा होता. म्हणजे देहांत प्राण होता, नाडी चालत होती, मस्तक थंड होतें. पोट मात्र तापलें होतें. एऱ्हवीं आम्हीं या विरोधाभासावर दोन घटका खुशाल चिंतन केलें असतें. पण दाराच्या वरच्या कप्प्यांत आईच्या इन्सुलिनच्या कुप्या होत्या.

आमच्या मातुःश्रींचें वय ८१. मधुमेहाशीं त्यांचा वीस वर्षांचा संसार आहे, आणि सुई त्या स्वतःच्या हातानें टोचून घेतात. न फोडलेली कुपी २ ते ८ अंश उष्णमानांत ठेवावी लागते, हें घरांतल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. बाहेर पारा ४० अंशांवर टेकला होता. कंपनीला फोन केला तेव्हां पांचव्या दिवशीं मनुष्य येईल असें उत्तर मिळालें. गल्लींतला मेकॅनिक लग्नासाठीं गांवीं गेलेला. शेजारधर्माची आठवण झाली. परंतु सुटीचे दिवस असल्यामुळें आमच्या मजल्यावरच्या तिन्ही दारांना कुलपें होतीं.

अशा वेळीं शहाणपण सुचलें नाहीं तरी चालतें. अर्धवट शहाणपण सुचतां कामा नये. आम्हांला तें सुचलें. फ्रीझर अजून थंड आहे, मग कुप्या तेथें हलवाव्या, असा विचार करून आम्हीं तिन्ही नव्या कुप्या रात्रीं बर्फाशेजारीं ठेवून दिल्या, आणि कर्तव्य बजावल्याच्या समाधानांत झोंपीं गेलों.

सकाळीं आईनें त्या पाहिल्या. आंतला द्रव गोठून पांढुरका झाला होता. ती रागावली नाहीं. एक कुपी उजेडाकडे धरून ती म्हणाली, “अरे, गोठलेलें इन्सुलिन वितळलें तरी कामाचें नसतें. दूध नासलें तर दिसतें. हें नासलेलें दिसत नाहीं.”

तिनें तिन्ही कुप्या कागदांत गुंडाळून टाकून देण्यासाठीं बाजूला ठेवल्या. हाताशीं आतां फक्त चालू कुपी उरली होती, आणि तींतलें औषध दोन दिवसांचें होतें. आम्हीं डॉक्टरांना फोन केला. त्यांनीं सांगितलें कीं चालू कुपी ३० अंशांच्या आंत राहिली तर साधारण चार आठवडे चालते, पण आमच्या कुपीवर छापलेली सूचना वाचून मगच वागावें. औषधविक्याकडून एक नवी कुपी आणली. ती ठेवायची कोठें, हा प्रश्न मात्र होताच. आणि तो आईनें सोडविला. मोठी मातीची कुंडी घेऊन तिच्यांत वाळू भरली, वाळूंत एक मडकें बसविलें, वाळूवर पाणी शिंपडलें, औषध डबींत घालून मडक्यांत ठेवलें आणि वर ओलें फडकें झांकलें. कुंडी सावलींत, वारा येईल अशा खिडकीशीं ठेवली. दुपारीं तीन वाजतां आम्हीं आंत तापमापक ठेवून पाहिला. पारा २६ वर होता.

हें गारुड अर्थातच देशावरच्या कोरड्या हवेचें. कोंकणांतल्या दमट उन्हाळ्यांत तें इतकें साधलें नसतें, कारण तेथें हवाच पाण्यानें जड झालेली असते आणि फडक्यांतलें पाणी तिच्यांत लवकर उडून जात नाहीं. पाणी उडून जातांना उष्णता बरोबर नेतें. माठाचें सगळें रहस्य एवढेंच आहे. आणि त्या खिडकीशीं उभें असतांना आम्हांला असा साक्षात्कार झाला कीं, फ्रीजचें रहस्यही याहून निराळें नाहीं. त्याच्या नळ्यांतून एक द्रव फिरतो. फ्रीझरमागच्या नळींत त्याची वाफ होते, ती होतांना आंतली उष्णता शोषून घेते. मग कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो, पाठीमागच्या जाळींत ती आपली उष्णता बाहेर टाकून पुन्हां द्रव होते, आणि हें रहाटगाडगें अखंड चालतें. माठ आपलें पाणी वाऱ्यावर उधळून देतो. फ्रीज तेंच तें पुन्हां पुन्हां वापरतो. एक उदार, दुसरा काटकसरी, एवढाच काय तो भेद.

ही काटकसर माणसाला फार उशीरां साधली. १८३३ सालीं ‘टस्कनी’ नांवाचें जहाज अमेरिकेंतल्या बोस्टनहून सुमारें १८० टन बर्फ घेऊन निघालें. चार महिन्यांनीं तें कलकत्त्यास पोंचलें तेव्हां त्यांतला सुमारें १०० टन बर्फ शिल्लक होता. तळ्यावर गोठलेलें पाणी करवतीनें कापायचें, लांकडाच्या भुशांत गुंडाळायचें आणि अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून आणायचें! पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८३४ सालीं, जेकब पर्किन्स या गृहस्थानें लंडनमध्यें वाफ दाबून थंडी उत्पन्न करणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. आमच्या स्वयंपाकघरांत घरघरणारें कपाट हें त्याच यंत्राचें पणतवंड.

आतां रोग्याकडे वळूं. फ्रीझर थंड आणि खालचा कप्पा गरम, याचा अर्थ थंडी उत्पन्न होत आहे, पण खालीं उतरत नाहीं. बर्फ आपोआप वितळविणाऱ्या फ्रीजमध्यें फ्रीझरच्या मागच्या पडद्याआड एक पंखा असतो. तो गार वारा एका वाटेनें खालीं ढकलतो. ती वाट अडली असली पाहिजे. आम्हीं प्रथम वीज बंद केली, प्लग भिंतींतून काढून सर्वांना दिसेल असा टेबलावर ठेवला, आणि मगच पडद्याचे स्क्रू सोडविले. पाहतों तों मागच्या नळ्या हिमालयांत लुप्त झालेल्या!

येथें स्वयंपाकघरांतली सुरी हातांत घ्यावी असा मोह प्रत्येकाला होतो. आम्हीं ती घेतली नाहीं, याचें श्रेय आमच्या विवेकाला नसून जुन्या अपराधाला आहे. पूर्वीच्या फ्रीजमधला बर्फ आम्ही असाच सुरीनें खरवडीत होतों. एकदां टोक रुतलें आणि ‘सूं’ असा बारीक आवाज आला. तो फ्रीजचा शेवटचा श्वास होता. नळीला भोंक पडून गॅस निघून गेला, आणि मेकॅनिकनें पांच मिनिटें पाहून, एखाद्या वैद्यानें नातेवाइकांना बाजूला न्यावें त्याप्रमाणें आम्हांला बाजूला नेलें. तेव्हांपासून बर्फापुढें आम्ही निःशस्त्र जातों.

तर फ्रीझरचें दार उघडें टाकलें, खालीं जुनीं धोतरें पसरलीं, आंत गरम पाण्याचें पातेलें ठेवलें आणि चोवीस तास थांबलों. या चिकित्सेंत थांबणें हेंच मुख्य औषध आहे, आणि तेंच पुरुषांना जमत नाहीं. सौभाग्यवतींनीं दर दोन तासांनीं धोतरें पिळलीं आणि एकदांच विचारलें, “अहो, नवा घेतला असता तर?” आम्हीं उत्तर दिलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं बर्फ गेला आणि रोगाचें मूळ दिसलें. नळ्यांवर रोज थोडा हिमकण जमतोच. यंत्र त्याला ठराविक वेळानें ऊब देऊन वितळवितें, आणि तें पाणी खालच्या एका भोंकांतून नळीवाटे मागच्या बाजूस, कॉम्प्रेसरवरच्या ताटलींत जातें व तेथील उष्णतेनें उडून जातें. आमच्या फ्रीजचें तें भोंक कचऱ्यानें बुजलें होतें. पाण्याला वाट नाहीं, म्हणून तें तेथेंच गोठायचें. त्यावर उद्यांचें, त्यावर परवांचें. आम्हीं बिनसुईच्या मोठ्या पिचकारीनें कोमट पाणी हळूहळू सोडलें. चवथ्या पिचकारीला मागच्या ताटलींत टपटप ऐकूं आली. संगीताच्या पुष्कळ बैठकी आम्हीं ऐकल्या आहेत. पण त्या टपटपीइतका आनंद थोड्याच मैफलींनीं दिला असेल.

तरी इतका हिमकण जमतो कां, हा प्रश्न राहिलाच. त्यासाठीं कागदाची परीक्षा करावी. कागदाची पट्टी दारांत धरून दार लावायचें आणि पट्टी ओढायची. ती अडखळत आली तर दाराचें रबर ठीक, सुळकन् आली तर तेथून हवा आंत शिरते, आणि हवेबरोबर तिच्यांतलें पाणीही. आमची पट्टी खालच्या कोपऱ्यांत सुळकन् आली. लोणच्याचा खार तेथें ओघळून वाळला होता. साबणाच्या कोमट पाण्यानें रबराच्या घड्या पुसल्या, कोरड्या केल्या. मग पट्टी अडखळूं लागली. त्याच हातानें पाठीमागच्या जाळीवरची धूळ ब्रशनें काढली आणि फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढें ओढला, कारण उष्णता टाकायला त्यालाही अंगण लागतें. मग पडदा बसवून प्लग लावला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मधल्या कप्प्यांतल्या पाण्याच्या पेल्यांत तापमापक बुडविला. पारा ४ अंशांवर होता.

येथें वाचकांना एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. धूळ, पाणी, रबर आणि बर्फ एवढेंच गृहस्थाश्रमाचें क्षेत्र. आठ-पंधरा दिवसांत बर्फ पुन्हां भरला तर वितळविणारा हीटर किंवा त्याचा नियंत्रक बिघडला असें समजून मेकॅनिकला बोलवावें. गॅसच्या नळ्यांना तर हातच लावूं नये. हल्लींच्या बहुतेक घरगुती फ्रीजांत आयसोब्यूटेन असतो, आणि तो पेट घेतो. पूर्वींचे वायू विषारीही असत. फ्रीजमधून गळलेल्या विषारी वायूनें बर्लिनमधलें एक कुटुंब मरण पावल्याची बातमी वाचून खुद्द आइन्स्टाइन अस्वस्थ झाला, आणि लिओ सिलार्ड या मित्रासह त्यानें हलते भाग नसलेला फ्रीज शोधून काढला. १९३० सालीं त्याचें अमेरिकन पेटंट मिळालें. विश्वाचें कोडें सोडविणाऱ्यालाही स्वयंपाकघरांतलें कपाट क्षुद्र वाटलें नाहीं, हें आमच्या घरांतल्या थट्टेखोरांनीं ध्यानांत ठेवावें.

आणि प्रत्येक बिघाड यंत्राचाच असतो असेंही नाहीं. अमेरिकेंत आमच्या भाच्याकडे आपोआप बर्फ पाडणारा फ्रीज आहे. आम्ही पाहुणे गेलों आणि दुसऱ्या दिवशीं बर्फ पडेनासा झाला. भाच्यानें पाण्याचा गाळणारा भाग बदलला, नळाची तोटी तपासली, पाणी आणणारी नळी गोठली असेल म्हणून ती शेकली. शेवटीं भाचेसून म्हणाली, “मामा, ही तार तुम्हीं वर केलीत का?” बर्फाचें भांडें भरलें कीं एक तार वर उचलली जाते आणि यंत्र थांबतें. आम्हींच आमची आंब्याची डबी तेथें बसविण्यासाठीं ती वर लोटली होती! तार खालीं केली, आणि कांहीं तासांनीं यंत्रानें आमच्यावरचा राग सोडून खडखडाट केला.

पण आम्हांला खरें सांगायचें आहे तें निराळेंच. फ्रीज सुरू झाल्यावर आई त्याच्यासमोर उभी राहिली आणि खालीं वांकून भाजीचा खण चांचपूं लागली. “आतां पाणी नाहीं,” ती म्हणाली. आम्हांला एकदम आठवलें. दोन महिन्यांमागें तिनें आम्हांला सांगितलें होतें, “भाजीच्या खणाखालीं पाणी सांचतें रे.” आणि आम्हीं वर्तमानपत्रांतून मान वर न करतां उत्तर दिलें होतें, “भाजी ओली ठेवली असेल.” भोंक बुजल्याची ती पहिली खूण होती. त्या दिवशीं ऐकलें असतें तर एक पिचकारी पुरली असती, आणि तीन कुप्या वांचल्या असत्या.

कुंडी अजून खिडकीशीं आहे. पावसाळा आला तरी आईनें ती हलवूं दिली नाहीं. दर रविवारीं आम्ही कागदाची पट्टी घेऊन दाराची परीक्षा करतों, आणि ती खुर्चींतून विचारते, “कोपरा पुसलास का?” गेल्या आठवड्यांत असेंच बोलतां बोलतां ती म्हणाली कीं, हल्लीं रात्रीं पायांना मुंग्या येतात. ‘वयच झालें आतां,’ हे शब्द आमच्या ओठांवर आले होते. ते आम्हीं गिळले, आणि त्याच संध्याकाळीं तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलों.