वरच्या फळीवरचं पुस्तक

मुलांनो, तुमच्या घरात एखादं पुस्तक मुद्दाम उंचावर ठेवलेलं आहे का? "हे तुझं नाही, मोठेपणी वाच" असं सांगून? असेल तर आजचा लेख तुमच्यासाठी आहे. आणि ज्यांनी ते वर ठेवलं, त्या आई-बाबांनाही तो वाचायला द्या.

माझं लहानपण परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेलं. तिथलं वाचनालय दोन खोल्यांचं. बालविभाग म्हणजे एक काचेचं कपाट, त्याचीही एक काच फुटलेली. १९९० च्या उन्हाळ्यात ते कपाट माझं वाचून संपलं. (मे महिन्यात आमच्याकडे दुपारी बाहेर पाय टाकता येत नाही. मग वाचण्याशिवाय करणार काय?) मी तेरा वर्षांची होते. धीर करून ग्रंथपालकाकांकडे विश्वास पाटलांची 'पानिपत' मागितली. ती दोनच वर्षांपूर्वी, १९८८ साली आलेली आणि मोठी माणसं तिच्यासाठी नंबर लावत.

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाळ, ही मोठ्यांची कादंबरी आहे. तू ही ने," म्हणाले आणि रणजित देसाईंची 'स्वामी' हातात ठेवली.

आता गंमत बघा. 'स्वामी'त थोरले माधवराव पेशवे क्षयानं झिजतात, वयाच्या २७ व्या वर्षी थेऊरला जातात, आणि रमाबाई त्यांच्यामागे सती जातात. तेरा वर्षांच्या मुलीला हे चालतं, आणि पानिपतची लढाई चालत नाही! मी दोन दिवस रडले. आईला विचारलं, "त्यांना कुणी अडवलं का नाही?" आई म्हणाली, "भाजी लागली वाटतं," आणि उठून आत गेली.

शेवटी 'पानिपत' आली ती आबांच्या, म्हणजे आजोबांच्या कार्डावर. आबा मराठी अडखळत वाचायचे. त्यांची शाळा निजामाच्या राज्यातली, उर्दूतली. मोठं जोडाक्षर आलं की ते थांबायचे. तेव्हा ठरलं असं, की मी वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं. रात्री माळवदावर अंथरुणं टाकली की मी कंदील जवळ ओढायची.

शाळेच्या पुस्तकातलं पानिपत किती असतं, तुम्हाला ठाऊकच आहे. १४ जानेवारी १७६१, विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ पडले, मराठे हरले. धडा त्याच दिवशी संध्याकाळी संपतो. पण सैन्याबरोबर हजारो बाजारबुणगे होते, यात्रेकरू होते, बायका-पोरं होती. त्यांचं १५ जानेवारीला काय झालं? कुणी मारले गेले, कुणी गुलाम म्हणून नेले गेले, कुणी उपाशीपोटी दक्षिणेची वाट धरली. मुलांच्या पुस्तकात लढाईचा दिवस असतो आणि मोठ्यांच्या पुस्तकात दुसरा दिवसही असतो, एवढाच फरक मला त्या रात्री दिसला.

तिथवर आले तशी आबा म्हणाले, "थांब लेकरा."

आमचा भाग हैदराबाद संस्थानात होता, हे तुम्हाला माहीत असेल. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, आम्ही १७ सप्टेंबर १९४८ ला. आबा ती गोष्ट दर वर्षी सांगायचे: रझाकारांची भीती, ज्वारीच्या रानात लपून काढलेल्या रात्री, मग भारताची फौज आली, चावडीवर झेंडा चढला, गूळ वाटला. आम्हा पोरांना ती पाठ होती. गुळापाशी गोष्ट संपायची.

त्या रात्री त्यांनी गुळाच्या पुढचं सांगितलं.

शेजारी एक पिंजारी राहायचा. कापूस पिंजून गाद्या भरायचा. त्याचा मुलगा आबांच्या जोडीचा, दोघं एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. त्या कुटुंबानं कुणाचं काही वाईट केलं नव्हतं. पण निजामाचं राज्य गेलं आणि बाहेरगावची माणसं सूड घ्यायला म्हणून फिरू लागली. कुणी कुणाचा काय गुन्हा केला, हे पाहायला त्यांना वेळ नव्हता. एका रात्री आमच्या घराची कडी वाजली. "दोनदा वाजली. तो मला नावानं हाका मारू लागला," आबा म्हणाले. "माझ्या बापानं नुसती मान हलवली. म्या उठलो नाही."

सकाळी पिंजाऱ्याचं घर उघडं होतं. भिंतीला धनुकली तशीच टेकलेली. माणसं हैदराबादेकडे गेली की आणखी कुठं, कुणाला कळलं नाही.

मी रागानं म्हटलं, "तुम्ही उठला का नाहीत?" जे मनात आलं ते बोलले.

आबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तवा म्या तुझ्याएवढाच व्हतो."

मुलांनो, हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. जी गोष्ट मला सांगायला मी लहान म्हणून ते थांबले होते, ती घडली तेव्हा ते तेरा वर्षांचेच होते. पानिपतहून पायी निघालेल्यांत आणि गुलाम झालेल्यांतही तुमच्याच वयाची मुलं होती. त्यांना कुणी 'मोठेपणी' म्हणालं नसणार.

आणि एखादं पुस्तकच कशाला, कधी कधी सबंध अहवालसुद्धा वरच्या फळीवर जातो. १९४८ च्या अखेरीला पंडित सुंदरलाल यांची समिती हैदराबाद संस्थानात फिरली आणि हा 'गुळानंतरचा' भाग तिनं लिहून काढला. तो कित्येक वर्षं प्रसिद्धच झाला नाही.

पूर्वी मुलांची नि मोठ्यांची कादंबरी अशी काटेकोर वाटणी नव्हती. हरि नारायण आपट्यांनी 'उषःकाल' ही शिवकाळावरची कादंबरी लिहिली ती 'करमणूक' या आपल्या साप्ताहिकातून, क्रमशः. ते साप्ताहिक सगळ्या घरासाठी होतं. तिकडे स्टीव्हन्सननं १८८६ साली 'किडनॅप्ड' छापली ती मुलांच्या साप्ताहिकात, आणि ती आवडीनं वाचली मोठ्यांनीही.

आता माझी एक चूक सांगते. २०२५ साली 'छावा' चित्रपट आला. १६ वर्षांखालच्या मुलांनी तो पालकांच्या सल्ल्यानं पाहावा, असं त्याच्या प्रमाणपत्रावरच होतं. माझी मुलगी बारा वर्षांची. "मग मी पुस्तक वाचते," म्हणून तिनं शिवाजी सावंतांची 'छावा' काढली. कादंबरीवर असा शिक्का नसतो. मला संभाजीराजांचे ते शेवटचे दिवस आठवले, १६८९ सालचे, आणि मी काय केलं असेल? पुस्तक उचललं आणि पिठाच्या डब्यामागे, वरच्या फळीवर ठेवून दिलं!

चार दिवस मी त्या डब्याकडे बघत पोळ्या लाटल्या. पाचव्या दिवशी पुस्तक काढलं, पीठ झटकलं आणि तिला म्हटलं, "मोठ्यानं वाच. मी ऐकते." एवढी एकच अट.

शेवटच्या पानांना आम्ही अजून पोचलो नाही. मला भीती होती रक्ताची, पण ती अडली भलतीकडेच. "आई, संभाजीराजे दिलेरखानाकडे गेले होते? खरंच?" मी सांगितलं, हो, १६७८ साली. "मग आमच्या बाईंनी का नाही सांगितलं? आणि घरात असं काय झालं, की ते गेले?" राज्याभिषेक तिला पाठ आहे, पण राजाच्या घरातही धुसफूस असते हे तिला नवं होतं. मला पुरतं उत्तर देता आलं नाही. इतिहासकारही त्याबद्दल एका सुरात बोलत नाहीत, एवढं सांगितलं. ती दोन दिवस माझ्यावरच चिडून होती, जणू मीच लपवलं होतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा पुस्तक घेऊन बसली.

आबांची ती रात्र मी तिला अजून सांगितलेली नाही. पुढच्या वर्षी तिला तेरावं लागेल, तेव्हा सांगू, असं मनाशी म्हणत होते. पण हा अंक घरी आला की आधी ती उघडते, मी नाही.