बसणें आणि वाजणें

एखादी वस्तु आपलें काम बिनबोभाट करीत असते तोंपर्यंत तिच्या रचनेची चौकशी करण्याची बुद्धि कोणासहि होत नाहीं. दाढ दुखेपर्यंत आणि कुलूप अडेपर्यंत त्यांच्या अंतरंगाशीं आपणांस कर्तव्य नसतें. मोबाइलला हेडफोन जोडणें ही अशीच एक गृहीत धरलेली क्रिया होय. भोंकांत पिन सारावी, कानांत बोंडें घालावीं आणि ऐकूं लागावें. यांत विचार करण्यासारखें तें काय असावयाचें? परंतु आमच्या बीड शहरांत सुभाष रोडवरील एखाद्या मोबाइलच्या दुकानापुढें जो घटकाभर उभा राहील त्याला हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं हें कळून येईल. "दादा, ही पिन ह्या मोबाइलला बसंल का?" असें खेड्यांतून आलेला पोरगा विचारतो. "बसंल की. पण वाजंल का, लावून बघा," असें दुकानदार सांगतो. बसणें निराळें आणि वाजणें निराळें, हा भेद ज्यानें इतक्या थोडक्यांत सांगितला त्याला आम्ही आमच्याच व्यवसायाचा बंधु समजतों.

ही पिन मूळची टेलिफोनच्या घरची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पाव हिश्शांत अमेरिकेंत टेलिफोनचीं एक्स्चेंजें निघालीं, तेव्हां एकाची तार दुसऱ्याच्या तारेस जोडण्याकरितां फळ्यावर भोंकें आणि दोऱ्यांच्या टोंकांस धातूच्या पिना अशी योजना झाली. ती पिन पाव इंच जाडीची होती. विजेच्या गिटारीला आजहि तीच लागते. पुढें खिशांत मावणारे ट्रान्झिस्टर निघाले, त्यांना ती जड झाली, आणि तिचें साडेतीन मिलिमीटरचें धाकटें भावंड रूढ झालें. १९७९ सालीं सोनी कंपनीनें वॉकमन बाजारांत आणला आणि या धाकट्या पिनेची जगभर सोयरीक जुळवून दिली. आकार उतरला, पण नाकाडोळ्यांची ठेवण तीच राहिली. यंत्रांच्या राज्यांत इतकें दीर्घायुष्य फार थोड्यांच्या वांट्यास आलें आहे.

पिन हातांत घेऊन पाहिली तर तिच्यावर बारीक, बहुधा काळीं, वलयें दिसतात. वलयें दोन असलीं तर पिनेचे भाग तीन होतात: टोंक डाव्या कानाचें, मधला भाग उजव्या कानाचा, आणि बूड दोघांच्या परतीचें. विजेला जावयास वाट लागते तशीच परत यावयासहि लागते. येथें जाण्याच्या वाटा दोन, पण परतीची वाट एकच, सामायिक. वलयें तीन असलीं तर भाग चार होतात आणि चौथा भाग माइकचा असतो. येथवर सारें सरळ आहे. परंतु माइक बुडाशीं ठेवावा कीं परतीची तार बुडाशीं ठेवावी, या प्रश्नावर मोबाइलवाल्यांत दोन पंथ झाले. ओएमटीपी नांवाच्या पंथानें परतीची तार बुडाशीं ठेवली. सीटीआयए नांवाच्या पंथानें माइक बुडाशीं ठेवला. गंध उभें लावावें कीं आडवें, यावरून शैव-वैष्णवांनीं पूर्वीं जेवढी शाई खर्च केली तेवढी येथें झाली नसेल, पण वादाची जात तीच. पुढें दुसऱ्या पंथाची सरशी झाली. तथापि पहिल्या पंथाचे हेडफोन अद्यापहि घरोघरच्या खणांतून निघतात, आणि बाहेरून पाहणाऱ्यास पंथ ओळखूं येत नाहीं.

एका पंथाचा हेडफोन दुसऱ्या पंथाच्या मोबाइलला लावला असतां पिन खट्कन बसते. तक्रारीस जागा नसते. गाणें सुरू करावें, तों वाद्यें कोठून तरी दुरून, विहिरींतून आल्यासारखीं ऐकूं येतात, आणि गाणारा मात्र नाहींसा झालेला असतो! तारेवरील बटन दाबून धरलें तर तो प्रकट होतो, सोडलें कीं पुन्हां अंतर्धान पावतो. हा चमत्कार नव्हे. परतीची तार माइकच्या जागीं जाऊन पडल्यामुळें ती वाट बंद झालेली असते. मग वीज एका कानांतून शिरून दुसऱ्यांतून बाहेर पडते. दोन्ही बाजूंस जें सारखें असेल तें परस्परांस छेदून टाकतें, आणि जें निराळें असेल तेवढेंच उरतें. गायकाचा आवाज ध्वनिमुद्रणांत बहुधा मधोमध, दोन्ही कानांस सारखा ठेवलेला असतो. म्हणून पहिला बळी त्याचा. सामायिक परतीची वाट तुटली म्हणजे दोन कानांना एकमेकांतील फरक तेवढा ऐकूं येतो, जें दोघांचें तें ऐकूं येत नाहीं. माणसांच्या सभांनाहि हा नियम लावून पाहण्याचा मोह होतो. पण तो आवरून आम्ही पुढें जातों.

कोणी म्हणेल, घटकाभरच्या करमणुकीपायीं एवढें पाल्हाळ कशास? त्यास उत्तर असें. २०२० सालच्या मार्च महिन्यांत करोनामुळें शाळा-महाविद्यालयें बंद झालीं आणि अध्यापनाचा सारा व्यवहार मोबाइलवर येऊन ठेपला. आमच्या जिल्ह्यांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. त्या वर्षीं आमचे कांहीं विद्यार्थीहि आईबापांबरोबर फडावर गेले. सकाळीं मोळ्या बांधाव्या आणि दुपारीं कोपींत बसून व्याख्यान ऐकावें, असा त्यांचा क्रम होता. व्याख्यात्याचा आवाज दोन्ही कानांस सारखाच जावयाचा. म्हणजे पंथ चुकलेल्या हेडफोनांत तो समूळ बुडावयाचा. त्या हिवाळ्यांतील एका तोंडी परीक्षेंत एक विद्यार्थिनी पडद्यावर दिसत होती, पण विचारलेल्या प्रश्नास उत्तर येत नव्हतें. दुसऱ्या गांवच्या परीक्षकांनीं "अभ्यास दिसत नाहीं" असा शेरा जवळजवळ लिहिलाच होता. तेवढ्यांत तिनें वैतागून पिन उपटली. उसाच्या ट्रॅक्टरची घरघर एकदम आमच्या कानांवर आदळली, आणि त्या घरघरींतून तिचें उत्तर आलें. तें पूर्ण होतें व बरोबर होतें. मागाहून कळलें कीं तो हेडफोन शेजारच्या कोपींतून मागून आणलेला होता. न ऐकूं येणें आणि न समजणें यांतील अंतर साडेतीन मिलिमीटरांच्या आंत मावूं शकतें, हें त्या दिवशीं आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें.

आतां तें भोंकच नाहींसें होत चाललें आहे. २०१६ सालीं ॲपलनें आपल्या नव्या आयफोनांतून तें काढून टाकलें, आणि पुष्कळांनीं तोच कित्ता गिरवला. टाइप-सीच्या भोंकास आखूड जोडतार लावून जुना हेडफोन चालवितां येतो म्हणतात. पण त्या जोडतारांतहि दोन जाती आहेत. एकींत आवाज घडविणारें यंत्र स्वतःच्या पोटांत असतें. दुसरी तें मोबाइलनें घडवून द्यावें अशी अपेक्षा धरते. मोबाइलांत ती सोय नसली तर जोडतार बसते, पण वाजत नाहीं. युरोपीय संघानें २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलांस चार्जिंगकरितां टाइप-सी हेंच भोंक सक्तीचें केलें. तथापि पंगतीस एकत्र बसलेले लोक एकच भाषा बोलतात असें नव्हे. ब्लूटूथनें तारेचा जाच संपविला हें खरें. दहाव्या शतकांत डेन्मार्क एका छत्राखालीं आणणाऱ्या हाराल्ड राजाचें तें टोपणनांव या युक्तीस मुद्दाम दिलें आहे. पण बिनतारी हेडफोनाला रोजचें चार्जिंग लागतें, आणि कोपींत वीज असेलच असें नाहीं. तारेच्या हेडफोनाला वेगळें चार्जिंग लागत नाहीं. शिवाय ज्या मोबाइलांत रेडिओ आहे त्यांत तीच तार अँटेनाचें काम करते, आणि आकाशवाणीचें बीड केंद्र इंटरनेटवांचून ऐकूं येतें. ज्याच्यापाशीं चार साधनें आहेत त्याला एक भोंक बुजल्याचें दुःख नाहीं. ज्याच्यापाशीं एकच आहे त्याची ती एकुलती एक खिडकी असते.

यावर आम्हांस सुचलेला उपाय अगदीं अल्प आहे. दोन वलयांची, बिनमाइकाची जुनी पिन दोन्ही पंथांच्या मोबाइलांस चालते. कारण तिचें बूड लांब असतें आणि वादांतील दोन्ही जागा तें एकटेंच व्यापतें. मग मोबाइल स्वतःचा माइक वापरतो, आणि ऐकणें व बोलणें दोन्ही सुरळीत चालतें. असे कांहीं स्वस्त हेडफोन आम्हीं विभागाच्या कपाटांत आणून ठेवले आहेत. दिवाळीपूर्वीं फडावर निघालेला विद्यार्थी भेटावयास आला म्हणजे त्याच्या मोबाइलला साडेतीन मिलिमीटरचें भोंक आहे कीं नाहीं तें पाहतों, आणि असलें तर पुस्तकांबरोबर एक हेडफोनहि त्याच्या हातीं देतों. देण्यापूर्वीं तो त्याच्याच मोबाइलला लावून, त्याच्याच कानांनीं ऐकावयास लावतों.