वाचन आणि सावित्रीचा काठ

"चळवळीतल्या पोरांना सहली कशाला हव्यात?" असे आम्हाला विचारले गेले. उत्तर देणे भाग आहे.

आमच्यातले निम्मे गावी, निम्मे मुंबईत नोकरीला. तरी वर्षभर दर रविवारी फोनवर आम्ही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मिळून वाचला. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात बाबासाहेब सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी, प्रेत असे सांगत नाहीत. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांचा तंटा पेटला आणि सिद्धार्थाने युद्धाला नकार दिला, असे सांगतात. यावर आम्ही तीन रविवार भांडलो.

वर्ष संपताना बाणकोटला सावित्रीच्या खाडीकाठी दोन दिवस राहिलो. पोहलो, भाकरी-कालवण खाल्ले, उरलेला वाद तिथे मिटवला. ही नदी महाडवरून येते. मार्च १९२७ मध्ये तिथे चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याबद्दल आपल्या माणसांची डोकी फुटली. डिसेंबरात बाबासाहेब बोटीने याच खाडीतून दासगावला उतरले आणि पायी महाडला गेले.

त्या पाण्यात मोकळेपणी डुंबणे ही चैन कशी? तो लढून मिळवलेला हक्क आहे. एकट्याने वाचलेले पुस्तक कपाटात जाते, मित्रांसोबत वाचलेले संघटन उभे करते. तुम्हीही गट करा, वाचा, भांडा, नदीवर जा.

जय भीम!