लासलगावचा डान्स फ्लोअर

शुक्रवारची सुट्टी टाकून लासलगावला निघालोय म्हटल्यावर ऑफिसात सगळ्यांनी कांद्याच्या ऑर्डरी दिल्या. 'तिथे बघण्यासारखं काय आहे रे?' बघणं सोडा, मला ऐकायचं होतं.

क्रेटेक्स आणि श्रेयस या जोडगोळीचं 'तांबडी चामडी' २०२४मध्ये स्पिनिन रेकॉर्ड्स या डच लेबलवर आलं. खाली हाऊसचा ठोका, वर अस्सल मराठी. क्रेटेक्स याला 'एम-हाऊस' म्हणतो. क्लबात मराठी गाणं लावा म्हणायला लाजणारी आपली जनता यावर बिनधास्त नाचायला लागली! गाण्याच्या निमित्ताने आपली माणसं जमवायचा हा फंडा तसा जुनाच. दिल्लीच्या मिडिव्हल पंडित्झ या जोडीने नव्वदच्या दशकाअखेर 'सायबर मेहफिल' पार्ट्यांमधून तेच केलं. फक्त पार्टीचा पत्ता आधी कळायला हवा. लासलगावचा माझा मित्र म्हणतो, 'आमच्याकडे नुसता ट्रॅक्टर लागतो.'

तो बरोबर बोलत होता. बाजार समिती १९४७ची, आशियातली सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ म्हणून तिची ओळख. सकाळी आवारात ट्रॅक्टर आणि पिकअपच्या लांबच लांब रांगा, आणि बऱ्याच ट्रॅक्टरांवर सॉलिड साउंड सिस्टीम. एकावर भीमगीत, पुढच्यावर अहिराणी, त्यापलीकडे चक्क आपली 'तांबडी चामडी'! ट्रॅक्टर मित्राच्या चुलतभावाचा. मी म्हटलं, "आवाज वाढव ना!"

"भाव निघू दे, दादा."

व्यापाऱ्यांचा घोळका जवळ आला तसं त्याने गाणंच बंद केलं. कांदा हातात घेऊन पाहिला, पुकारा झाला, चिठ्ठी मिळाली. मिनिटभराचा खेळ! भाव अपेक्षेपेक्षा कमी. खळ्यावर माल खाली करायला जाताना गाणं लागलं नाही, आणि मीही विषय काढला नाही.

वाटेत तोच बोलला. डिसेंबर २०२३मध्ये निर्यातबंदी आली, ती उठली मे २०२४मध्ये. त्या उन्हाळ्यात बहिणीचं लग्न होतं. डीजे सांगून ठेवलेला, तो रद्द करून बेंजोवर भागवलं. गाणं गाजत होतं आणि आमच्या मांडवात ते वाजलं नाही, हे त्याला अजून लागतं.

रात्री शेजारच्या वस्तीवर हळद होती. डीजेने तेच गाणं लावलं आणि सगळ्यांत आधी हा पठ्ठ्या उतरला. मागून कलवऱ्या, हमाल, शाळकरी पोरं, पदर खोचून एक आजी. ना एंट्री फी, ना मनगटावर बँड. शिकागोच्या क्लबात ऐंशीच्या दशकात जन्मलेला तो ठोका शेणानं सारवलेल्या अंगणात अजिबात परका वाटत नव्हता. मला तर वाटतं, असली गर्दी इथे आधीपासूनच होती. त्या दोघांनी आपल्याला तिचा पत्ता दिला, एवढंच.

जायचंय? मुंबईहून संध्याकाळची पंचवटी एक्स्प्रेस लासलगावला थांबते. लिलाव सकाळी गाठा. आणि पांढरे स्नीकर्स घरीच ठेवा, बॉस. हळदीनंतर माझे पिवळे झालेत.