कागदावरचं वय

काशीत राहून जुन्या गाड्यांचे सौदे पाहताना माझं एक मत पक्कं होत गेलं: गाडीची किंमत इंजिन झिजल्याने उतरते त्याहून अधिक कागदाची मुदत सरल्याने उतरते. विम्याचा घसाऱ्याचा तक्ताच पाहा. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, तीन वर्षांपर्यंत ३०, पाच वर्षांपर्यंत ५०. गाडी किती धावली, कशी सांभाळली, याला त्यात जागाच नाही. पाच वर्षांनंतर विम्याची रक्कम मालक आणि कंपनीने आपसांत ठरवायची, आणि बाजारात गाडीचा भाव दलालाच्या हाती जातो.

दलाल आधी आरसी, म्हणजे नोंदणीचा कागद, बघतो, ते योग्यच आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मज्जाव केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये डिझेलची ही आणि पेट्रोलची पंधरा वर्षांची मर्यादा कायम केली. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने या मर्यादेवरून होणाऱ्या कारवाईला मुरड घातली खरी, पण मधल्या काळात सात-आठ वर्षांची धडधाकट डिझेल गाडी तिथे पडत्या भावात निघायची. वाराणसी मात्र दिल्लीच्या राजधानी क्षेत्राबाहेर आहे. इथे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षं वाढते. दिल्लीलगतच्या नोएडाची गाडी तर इथल्याच उत्तर प्रदेशातली, त्यामुळे ‘यूपी १६’ची पाटी न बदलताही ती इथे नांदते.

जुनी गाडी जास्त धूर सोडते, मग वयाची अट चूक कशी, असं कुणी विचारेल. धुराचं खरं आहे. पण राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांत वाराणसीही आहे. दिल्लीतून हटलेली गाडी इथे धावली, तर धुराचा फक्त पत्ता बदलतो. धूर मोजून गाडी बाद करा; मग ती कुठल्याही शहरातली असो. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: गाझीपूर-जौनपूरच्या कुटुंबाला पहिली चारचाकी परवडते ती या स्वस्ताईमुळेच. ती त्यांना मिळायलाच हवी, पण नावावर होऊन. मालकी बदलाचे सही केलेले फॉर्म २९ आणि ३० घेऊन गाडी तीन हातांतून फिरते, आरसीवर नाव पहिल्याचंच राहतं. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. एप्रिल २०२३ पासून अधिकृत विक्रेत्याच्या ताब्यात गाडी गेल्याची नोंद सरकारी पोर्टलवर करावी लागते. ही सक्ती नाक्यावरच्या दलालापर्यंत पोचली पाहिजे, कारण पूर्वांचलातले बरेच सौदे तिथेच होतात.