स्नोर

डेन्मार्कच्या समुद्रकिनाऱ्यांवर १ एप्रिल ते ३० सप्टेंबर कुत्रं मोकळं सोडायचं नाही, असा कायदा आहे. तिथल्या पाटीवर पट्टा बांधलेल्या कुत्र्याचं चित्र आणि खाली तीन शब्द होते: 'हुने इ स्नोर'. कुत्री दोरीत. स्नोर म्हणजे दोरी. लिहिताना शेवटी चांगला ठसठशीत 'र' असतो, पण बोलताना डॅनिश लोक तो घशातच जिरवतात. डॅनिशमधली निम्मी अक्षरं अशीच जिरतात, त्यामुळे ही भाषा मला ऐकण्यापेक्षा वाचायलाच बरी वाटते.

या एका स्नोरवर ते लोक काय काय बांधतात! कुत्रं, पतंग, वाळत घातलेले कपडे, काठीवरचा झेंडा. बाळाच्या नाळेलाही बेंबीची स्नोर म्हणतात. आपल्याकडे हे चालायचं नाही. गायीला दावं, बैलाला कासरा, मोटेला नाडा, कमरेला करदोटा, पोत्याला सुतळी. दुकानात जाऊन नुसती 'दोरी द्या' म्हटलं, तर दुकानदार आधी 'कशाला?' म्हणून विचारणार.

स्नोरचं क्रियापद करताना मधला स्वर बदलतो. ओठ 'ओ'चे ठेवायचे आणि जीभ 'ए'ची. जमलं तर अर्थ होतो नाड्या ओवून आवळणं, बुटाच्या किंवा जुन्या बायकांच्या चोळीवजा कॉर्सेटच्या. हेच क्रियापद माणसाला लावलं, की अर्थ होतो फसवणं. अमक्याला 'स्नोरलं' म्हणजे गंडवलं. इथे मी थबकलो, कारण गंडाही दोराच. पीराचा, मांत्रिकाचा, गाणं शिकवणाऱ्या उस्तादाचा. मनगटाला बांधला तर श्रद्धा, घातला तर फसवणूक. हे दोन गंडे एकाच सुताचे आहेत का, ते व्युत्पत्तीवाल्यांनी भांडून ठरवावं. डॅनिश शिकारी तर कोल्ह्यालाही हेच क्रियापद लावतात. कोल्हा दुडक्या चालीने गेला की पावलं एकापुढे एक पडतात आणि बर्फात सरळ रेघ उमटते. कोल्हा आणि फसवणूक एकाच शब्दात राहतात याचं इसापाला नवल वाटलं नसतं.

पण मला खरं सांगायचंय ते स्नोरस्कर्टबद्दल. हे कपड्याचं नाव आहे आणि तो कपडा कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात काचेमागे आहे. १९२१ च्या फेब्रुवारीत जटलंडमधल्या एग्टवेड गावाजवळ एका शेतकऱ्याला जुन्या थडग्याच्या टेकाडात ओकच्या खोडाची शवपेटी लागली. त्याने शहाणपणा केला, उघडली नाही, संग्रहालयाला कळवलं. पेटी बंदच्या बंद कोपनहेगनला गेली आणि तिथे उघडली. आत गायीच्या कातड्यावर सोळा-अठरा वर्षांची मुलगी निजवलेली होती. खोडाच्या वलयांवरून साल निघालं इसवी सनापूर्वी १३७०. पेटीत एक रानफूल ठेवलेलं, म्हणजे दिवस उन्हाळ्याचे. आम्लाच्या पाण्यात तिची हाडं पार विरघळून गेली होती. लोकर, केस, नखं, दातांचं कवच मात्र शिल्लक होतं. माणूस जातो आणि कपडे मागे राहतात, ते इतकं शब्दशः मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

वर आखूड बाह्यांचं लोकरी पोलकं. खाली तो स्कर्ट, लांबी जेमतेम ३८ सेंटिमीटर, कमरेभोवती दोन वेढे. त्याला कापड असं नाहीच, नुसत्या दोऱ्या. आपल्या उपरण्याच्या दशा उभ्या धाग्यांच्या असतात. इथे विणकरणीने आधी कमरेचा अरुंद पट्टा विणला आणि विणताना आडवे धागे एका काठाबाहेर लांब ओढून ठेवले. मग त्यांना पीळ देऊन दोऱ्या केल्या आणि त्या फाकू नयेत म्हणून खालच्या टोकांना आणखी एक दोरी ओवून घेतली. पोटावर सर्पिल नक्षीची मोठी कांस्याची चकती. विसाव्या शतकातल्या सभ्य लोकांना त्या लांबीने बराच घाम फोडला. मला विचाराल तर लांबीपेक्षा ती खालची ओवलेली दोरी बघावी. केवढा विचार केलाय त्या विणकरणीने! झीलंडमधल्या ओल्बीच्या थडग्यात तर अशा दोऱ्यांवर कांस्याच्या बारीक नळ्या चढवलेल्या सापडल्या. ती बाई चालली की रुणझुण होत असणार.

एग्टवेडच्या मुलीच्या गावावरून अजून वाद चालू आहे. २०१५ मध्ये कारिन फ्राय आणि सहकाऱ्यांनी तिच्या दातातलं आणि केसातलं स्ट्रॉन्शियम, जे जागेगणिक मातीपाण्यात वेगळं असतं, ते मोजून सांगितलं, की ही इथली नव्हेच. बहुधा जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टकडची, आणि शेवटच्या दोनेक वर्षांत तिने लांबलांबचे प्रवास केले. केस २३ सेंटिमीटरचे, म्हणजे दोन वर्षांची रोजनिशीच. लोकरही परदेशी निघाली. २०१९ मध्ये ऑर्हूस विद्यापीठातल्या दोघांनी हरकत घेतली. शेतकरी जमिनीत चुना घालतात, त्याने तिथल्या मातीपाण्यातलं स्ट्रॉन्शियमचं मोजमापच बदलतं. चुना वजा करा, मग पोरगी एग्टवेडचीच ठरू शकते. दोन्ही बाजूंची मांडणी मी वाचली. मन पहिल्या बाजूला ओढतं, कारण ती गोष्ट जास्त चांगली आहे, आणि नेमकं म्हणूनच मी दुसऱ्या बाजूला आहे.

तिच्या पायाशी बर्चच्या सालीचं छोटं पिंप होतं. त्यात गहू, रानबेऱ्या आणि मध घालून केलेल्या पेयाचा गाळ मिळाला. बिअरच ती. शेजारी पाच-सहा वर्षांच्या एका मुलाची जळकी हाडं, कापडात बांधलेली. ते मूल कोण, याबद्दल कुणीही काहीही म्हणोत. तिचं स्वतःचं असायला ती फारच लहान होती.